तिसरी नळी

कोपरापर्यंत हात पाण्यात घालून शिवांजलीनं माशांच्या टाकीतलं लाकूड उचललं आणि तसंच धरून ठेवलं. खालचा गाळ धुरासारखा वर आला. केरबा जाळी घेऊन वाकला, गाळ बसायची वाट बघत राहिला आणि मग म्हणाला,

"हितंबी न्हाय."

"नळ्यांत बघा."

तळाशी पडलेली चिनीमातीची पांढरी नळी त्यानं दोन्ही तोंडांवर बोटं धरून बाहेर काढली आणि खिडकीकडे करून आरपार बघितली. रिकामी होती. दुसरी काढली, तीही रिकामी.

मासे सगळे केव्हाच पकडून झाले होते. बावीस निऑन, सहा गप्पी आणि शेपटी कुरतडलेली एक काळी मॉली. हवा भरून फुगवलेल्या पिशव्यांत ते सोफ्यावर ओळीनं बसले होते, गाडीची वाट बघणाऱ्या माणसांसारखे. राहिला होता तो एकटाच. बोटाच्या दोन पेरांएवढा, नारिंगी, पुढे दोन नांग्या. बुटक्या जातीचा क्रेफिश, गोड्या पाण्यातला छोटा शेवंडच. याच्यापेक्षा मोठा तो होत नाही. दीड वर्षापूर्वी केरबानंच आपल्या दुकानातून तो आणून दिला होता. चार दिवस ठेवून बघा, माशांबरोबर नाही जमलं तर परत घेतो, म्हणून. चार दिवसांसाठी आलेला, म्हणून शिवांजलीचे वडील, आप्पा, त्याला पावणं म्हणायला लागले आणि तेच नाव राहिलं.

"लई बेरकी जीव हाय ह्यो," केरबा हात पुसत म्हणाला. "पंपाचा पाइप धरून वर चढतो आनि भायेर पडतो. कपाटाखाली बघा."

शिवांजलीनं फरशीवर आडवं होऊन मोबाइलचा उजेड कपाटाखाली फिरवला. आप्पांच्या पेनचं टोपण सापडलं. ते तिनं खिशात टाकलं.

"न्हायतर मग कात टाकाय दडून बसला असंल. वरचं टरफल सोडलं की अंग लोण्यासारखं मऊ हुतंय. तवा आठ-आठ दिस तोंड दावत न्हाय. दावलं तर मासं फाडून खात्यात की त्याला."

"पण टाकी रिकामी केली तर सापडेलच ना?"

"सापडंल. पर मऊ अंगाचा असला आनि हात लागला, तर खल्लास."

अव्वा, तिची आई, स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. मासे पकडायला सुरुवात झाल्यापासून ती तिथंच होती.

"मग आठ दिस थांबाय पायजे की," ती म्हणाली.

"थांबा काकू. घाई कसली? आनि मोठा होऊन गावला तरी रस्सा करायच्या लायकीचा न्हाय बघा. चमचाबी भरायचा न्हाय."

"शिव शिव! केरबा, माझ्या दारात उभं राहून असलं बोलायचं न्हाय."

केरबानं दोन्ही कानांना हात लावले, पिशव्या उचलल्या आणि गेला. टाकीत पाणी, वनस्पती आणि पंपाची घरघर एवढंच उरलं. शिवांजलीनं कॉलेजला फोन लावला आणि रजा पुढच्या सोमवारपर्यंत वाढवून मागितली. ती पुण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. साठलेली रजा तिच्याकडे पुष्कळ होती. तिनं ती कधी घेतलीच नव्हती.

आप्पांना जाऊन तीन आठवडे झाले होते. शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत चौतीस वर्षं ते पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा लाकडी नमुना आधी करायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर हाताला काम नाही म्हणून त्यांनी टाकी आणली, आणि गेले तेही टाकीपुढच्या स्टुलावरच. रविवारी सकाळी पाणी बदलत होते. जुनं पाणी पाइपानं बादलीत उतरत होतं. बादली भरून वाहिली आणि पाणी फरशीवरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागलं, तेव्हा अव्वा ओरडत बाहेर आली, "अहो, लक्ष कुटं हाय? भरली की बादली!" मग ती ओरडायची थांबली.

शिवांजली पुण्याहून पोचली तेव्हा दुपार झाली होती. आप्पांना बसवलं, लिंगायतांत बसवतात तसं, मांडी घालून. विभूती लावलेला चेहरा जरा खाली झुकला होता. टाकीपुढे ते असेच बसायचे, हे तिच्या लक्षात आलं. आपल्यात सुतक नसतं, असं स्वामींनी बाकीच्यांना समजावलं, आणि अव्वानं त्याच संध्याकाळी सगळ्यांना चहा केला. शेजारच्या धोंडुबाई कप हातात घेऊन थोड्या घुटमळल्या, मग प्यायल्या. टाकी अजून अर्धीच होती. मासे खालच्या अर्ध्यात दाटीनं फिरत होते. आप्पांनी आदल्या दिवशी भरून, नळाच्या पाण्यातलं औषध उडावं म्हणून निवत ठेवलेल्या दोन बादल्या भिंतीकडेला तशाच होत्या. माणसं बसलेली असताना शिवांजली उठली आणि एकेक मग करून ते पाणी तिनं टाकीत ओतलं. सगळे बघत राहिले.

अव्वानं एकटीनं इथं राहायचं नाही, हे बाराव्या दिवशी ठरलं. ठरवलं शिवांजलीनंच. अव्वाला रक्तदाब होता, गुडघे दुखत होते, आणि शिवांजली एकुलती एक.

"चल म्हणतीस तर चलतो की," अव्वा म्हणाली. "मला काय, हितं काय आनि तितं काय. लेकीच्या घरात आई पावणीच असती, पर ते असू दे." मग जरा थांबून तिनं एवढंच मागितलं, "त्यास्नी जीव लावलेलं हे सगळं नीट कुणाच्या तरी वटीत घालूया. एकबी जीव मागं उपाशी राहायला नको. मग निघूया."

दुसऱ्या दिवशी तिची पिशवी भरून दाराजवळच्या भिंतीशी येऊन बसली. अव्वानं उभ्या आयुष्यात कुणाला सरळ नाही म्हटल्याचं शिवांजलीला आठवत नव्हतं. नको असलेल्या भाजीलासुद्धा ती "उद्या करूया" म्हणायची.

एकदाच ती अडून बसली होती. क्रेफिश आल्यावर केरबानं सांगितलं होतं की याला नुसता पालक आणि काकडी चालणार नाही, अधूनमधून मांस लागेल. नाहीतर तो माशांच्या शेपट्यांना लागेल. घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. आप्पा लाल अळ्यांचं गोठवलेलं पाकीट घेऊन दारातच उभे राहिले. गोळ्यांची स्ट्रिप असते तसं ते होतं, चौकोन-चौकोन पाडलेलं, एका वेळी एक फोडायचा. अव्वा तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाकीट तेवढे दिवस केरबाच्या फ्रीजमध्ये राहिलं. चौथ्या दिवशी तिनं झाकणाचा एक जुना स्टीलचा डबा त्यांच्यापुढं ठेवला.

"ह्यात ठेवायचं. एका कोपऱ्यात. आनि त्याला हात लागला की अंघोळ. अंघोळीबिगर पूजेला बसायचं न्हाय."

आप्पांनी ते शब्दशः पाळलं. शिवांजलीचा पुण्याहून फोन आला की कधीकधी ते म्हणायचे, "थांब गं, पावण्यांचं जेवाण झालंय, अंघोळ करून बोलतो." मॉलीची शेपटी कुरतडली गेली तेव्हा मात्र त्यांनी क्रेफिशला बोल लावला नाही. दोन दिवस ते कुरुंदवाडला, अव्वाच्या माहेरी लग्नाला गेले होते आणि घास चुकला होता. "पोट भरलं असलं की तो कुणाच्या वाटेला जात नाही," ते म्हणाले. "उपाशी आपण ठेवायचं आणि दोष त्याला?"

ते गेल्यावर हे काम शिवांजली करायची. चिमट्यानं अळ्या द्यायच्या आणि अंघोळ करायची. मासे गेल्यावर, पावणं दिसेना म्हणून, तेही थांबलं.

आठवडा सुरू झाला. सकाळी ती पुस्तक घेऊन टाकीपुढं बसायची आणि पानाआड नजर वर करायची. लाकडाखाली काही हलत नव्हतं. संध्याकाळी सात वाजता अव्वा येऊन टाकीचा दिवा लावायची, आप्पा लावायचे तसा, आणि काही न बघता परत आत जायची.

मंगळवारी केरबाचा फोन आला.

"ताई, जयसिंगपूरचं एक गिऱ्हाईक हाय टाकीला. जरा माप सांगा की. त्येंच्या कोनाड्यात बसतीया का बघतो."

आप्पांची पोलादी पट्टी टाकीच्या कपाटातच होती. शिवांजलीनं ती काचेला लावली, दोनदा मोजलं.

"पस्तीस इंच, पाच सूत."

पलीकडे केरबा हसला. "अवो, तीन फुटी हाय ती. माझ्याच दुकानातनं नेल्ती आप्पांनी. काच काय थंडीनं आकसली व्हय?"

फोन ठेवल्यावर ती पट्टी उलटसुलट करून बघत बसली, आणि मग तिला आठवलं. ही पॅटर्नची पट्टी होती. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब करायला नको, म्हणून या पट्टीवरचा इंचच केसभर मोठा असतो. लहानपणी शाळेच्या वहीत समास आखताना तिनं हीच पट्टी वापरली होती आणि बाईंनी चूक काढली होती. आप्पा तेव्हा म्हणाले होते, "माप चुकलेलं नाही. पुढं जे आकसणार ते त्यात आधीच धरलंय."

तिनं पट्टी पुसली आणि परत कपाटात न ठेवता स्वतःच्या बॅगेत ठेवली.

बुधवारी दुपारी ती झोपून उठली तेव्हा अव्वा अंगणात केस वाळवत उभी होती. सकाळी तिची अंघोळ आणि पूजा झालेली होती.

"परत न्हायलीस?"

"डोकं चढल्यासारखं झालं. दोन तांबे घेतलं."

जानेवारी होता. सकाळी पाणी तापवल्याशिवाय हात घालवत नव्हता. शुक्रवारी दुपारी पुन्हा बाथरूमच्या दाराखालून पाणी आलं आणि अव्वा ओल्या केसांनी बाहेर आली. शिवांजलीनं तिचा रक्तदाब बघितला. ठीक होता.

त्याच संध्याकाळी अव्वा चुलीपाशी भाकरी थापत होती. "फ्रीजरमधलं खवलेलं खोबरं काढ गं," ती म्हणाली. खोबऱ्याची पिशवी डब्यामागं होती. डबा हलवताना त्याचं झाकण सरकलं. ते नीट लावायला म्हणून शिवांजलीनं डबा हातात घेतला आणि आत बघितलं.

मासे गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं स्वतः आठवा चौकोन फोडला होता. दुसऱ्या ओळीतला तिसरा. आता चौथा आणि पाचवाही फुटलेला होता. फॉइल नखानं नाही, कात्रीनं कापलं होतं, अगदी कडेकडेनं, बोट आत लागणार नाही असं.

तव्यावर भाकरी फुगत होती. शिवांजलीनं झाकण लावलं, डबा होता तिथं ठेवला, खोबरं दिलं.

जेवताना तिनं विचारलं, "अव्वा, पुण्याला यायचंय ना तुला? मनापासून?"

"तसं काय विचारतीस? पिशवी भरलीया की मी." अव्वानं तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "पावणं तेवढं गावू दे."

जेवण झाल्यावर शिवांजली टाकीपुढं उभी राहिली. तळाशी दोन नळ्या होत्या, केरबानं ठेवल्या तशा. ती बघत राहिली, आणि मग तिनं मोबाइलमध्ये आप्पांनी पाठवलेले फोटो मागे मागे सरकवले. ते टाकीचेच फोटो पाठवायचे, स्वतःचे कधी नाही. एका फोटोत काचेवर त्यांचं बोट होतं आणि बोटापुढं एका नळीतून दोन नारिंगी मिशा बाहेर आल्या होत्या. या नळ्या फौंड्रीतल्या होत्या. वितळलेलं लोखंड साच्यात शिरतं ती वाट अशा नळ्यांची करतात. निरोपाच्या दिवशी आप्पांनी त्या मागून आणल्या होत्या. फोटोत त्या तीन होत्या.

शनिवार मोकळा गेला, अव्वा दुपारची न्हायली नाही. रविवारी जेवणं झाल्यावर शिवांजली पुस्तक घेऊन आडवी झाली आणि डोळे मिटून राहिली. अव्वा दारात आली, थोडी थांबली, निघून गेली. फ्रीज उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला. मग मागच्या खोलीची कडी वाजली. तिथं आप्पांची करवती-रंधे होते आणि अव्वा तिकडे कधी फिरकत नसे. भुसा नाकात जातो म्हणायची.

शिवांजली अनवाणी उठली, परसातून वळसा घालून खिडकीशी गेली.

आप्पांच्या कामाच्या टेबलावर काचेची मोठी बरणी होती, जिच्यात दर उन्हाळ्यात कैरीचं लोणचं पडायचं ती. बरणीत पाणी, टाकीतली मूठभर हिरवं शेवाळ, आणि तिसरी नळी. अव्वा स्टुलावर बसली होती. पदर नाकावरून घट्ट गुंडाळून मागे खोचला होता. उजव्या हातात आप्पांचा लांब चिमटा होता, आणि हात अंगापासून जितका दूर धरता येईल तितका दूर होता. चिमट्याच्या टोकाला लाल ठिपका होता. तिनं तोंड बाजूला फिरवलं होतं आणि एका डोळ्यानं बरणीत बघत होती.

"बा," ती म्हणाली. "बा, बा." कुरुंदवाडच्या घरी लहान पोरांना ती असंच जवळ बोलवायची, कानडीत.

नळीतून आधी मिशा आल्या, मग नांग्या. त्यानं चिमट्यातला घास घेतला आणि मागे सरला. त्याचा रंग पूर्वीपेक्षा उजळ होता, नवा. त्यानं खरंच कात टाकली होती. जुनं टरफल, मिशा-पायांसकट अख्खं, बरणीच्या तळाशी तसंच होतं. एका कडेनं ते खाल्लेलं होतं.

"तेबी खा," अव्वा म्हणाली. "तुजंच हाय ते. त्यास्नी बघितलंय मी, टरफल भायेर काढत न्हवतं. खा सावकाश." मग चिमटा खाली ठेवून ती बसून राहिली. तिनं मान जरा खाली झुकवली होती. उठायच्या आधी इकडेतिकडे बघत, काचेवर एक बोट ठेवून म्हणाली, "मला तिकडं न्हाय जायचं रे."

शिवांजली आली तशी परत गेली, आडवी झाली आणि पुस्तक उघडलं. थोड्या वेळानं बाथरूममध्ये तांब्याचा आवाज आला. ती एकाच पानावर होती.

संध्याकाळी ती चालत केरबाच्या दुकानात गेली. तो एका गिऱ्हाइकाला गप्पी मोजून देत होता. तिला बघून त्यानं हातानंच बसा म्हटलं.

"गावलं का पावणं?"

"नाही."

"मग आता काय न्हाय गावत. आठ दिस झालं. सकाळच्याला येऊन टाकी उचलतो मी, जयसिंगपूरवाला मागं लागलाय."

"टाकी राहू दे तिथंच. त्यांना दुसरी द्या."

"म्हंजे? उद्या निघताय न्हवं दोघी?"

"मी निघतेय." तिनं काउंटरवरची माशांच्या बुरशीवरची औषधं सरळ लावली. "त्या गोठवलेल्या अळ्या आहेत का? एक पाकीट द्या. दोन द्या."

केरबानं जाळी बाजूला ठेवली.

"ताई, मासं माझ्याकडं हायत. पावणं गावलं न्हाय म्हणताय. आनि जेवणाची सोय बघताय?"

"आलं तर उपाशी नको."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग फ्रीजर उघडून त्यानं दोन पाकिटं काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली.

"काकूंना म्हणावं, कायबी लागलं तर फोन करा. दुकान हितंच हाय," तो म्हणाला. "आनि ह्ये पाकीट त्यास्नी दिसंल असं ठिवू नका. नावं ठेवतील मला."

"डब्यात ठेवते."

घरी आल्यावर तिनं डबा काढला, जुन्या स्ट्रिपखाली दोन्ही नव्या ठेवल्या आणि झाकण लावलं. मग दोन बादल्या नळाच्या पाण्यानं भरल्या आणि उद्यासाठी निवत म्हणून मागच्या खोलीच्या दाराशी नेऊन ठेवल्या. अंघोळ केली. केस पुसत बाहेर आली तेव्हा अव्वा टाकीचा दिवा लावत होती. तिनं वळून लेकीच्या ओल्या केसांकडे बघितलं. दिव्याच्या बटणावरचा तिचा हात तसाच राहिला.

"गारठ्यात न्हायलीस?" ती म्हणाली.

"हो. डोकं चढल्यासारखं झालं."

सकाळी शिवांजली बॅग घेऊन पुढच्या खोलीत आली. भिंतीशी अव्वाची पिशवी नव्हती. तिच्या जागी कापडात बांधलेल्या भाकऱ्या आणि चटणीची बाटली होती. बाहेर रिक्षा उभी होती. अव्वा उंबऱ्यापर्यंत आली. पदर सारखा केला, मग परत तोच सारखा केला.

"पावणं गावलं की फोन करतो तुला," ती म्हणाली.

शिवांजलीनं भाकऱ्या बॅगेत वर ठेवल्या. आतली पट्टी आडवी येत होती, ती तिनं तिरकी केली.

"घाई नाही," ती म्हणाली.